‘नंबर लागला का?’ या प्रश्नास खुले पत्र

‘नंबर लागला का?’,

तुला ‘प्रिय’ म्हणवत नाही, म्हणून नुसत्या नावानेच हाक मारते.

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पहिल्या फेरीची यादी लागली, त्या संध्याकाळी मी लॉगिन करायच्या आधी तू आमच्या दारात उभा होतास. मग चक्कीवर भेटलास, आर्वीच्या एसटी स्टँडवर भेटलास, एका तेरवीच्या पंगतीत तर शेजारीच येऊन बसलास. तिथेही तुला लाज वाटली नाही. आई आता वावरात जाताना मागची पांदण धरते, कारण पुढच्या रस्त्यावरच्या प्रत्येक ओट्यावर तू बसलेला असतोस.

तुला दोनच उत्तरं ऐकू येतात, हो किंवा नाही. माझं उत्तर दोन्हींत बसत नाही. मला चौथ्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि मी ‘बेटरमेंट’ घेतलं. म्हणजे ती जागा हातात ठेवून मी वरच्या पसंतीची वाट बघते आहे. वरचं मिळालं तर हातातली जागा आपोआप सुटेल, नाही मिळालं तर तीच राहील. हे समजावायला मला दोन मिनिटं लागतात. तू पहिल्याच वाक्यावर ‘म्हणजे नाही लागला’ असा निकाल देऊन मोकळा होतोस. मग विचारतोस, ‘91 टक्के असून?’ ते टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे. शंभरातली नऊ मुलं माझ्या पुढे आहेत, आणि सीईटीला बसणारी मुलं लाखांत असतात.

पण तुझ्यावर माझा खरा राग वेगळाच आहे. माझ्या मैत्रिणीला पहिल्याच फेरीत पहिली पसंती मिळाली. 2025 पासून प्रवेशाच्या चार फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप पक्की होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना तोच नियम. तिच्या यादीत सगळ्यात वर घरच्यांनी ठरवलेली शाखा होती. तिच्या मनातली शाखा दुसऱ्या क्रमांकावर राहिली. पहिली मिळाली आणि दुसरीचं दार बंद झालं. त्या रात्री ती फोनवर खूप रडली. तुला मात्र ‘हो’ हे उत्तर मिळालं, तू पेढा खाल्लास आणि निघून गेलास. ‘नाही’ म्हणणाऱ्याला तू टोचतोस, हे सगळ्यांना दिसतं. ‘हो’ म्हणणारीचं दुःख तू ऐकतच नाहीस, हे कुणाला दिसत नाही.

तू वर्धा जिल्ह्यात फिरतोस, म्हणून एक आठवण करून देते. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींनी तिथे नई तालीम मांडली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. मुलाने हाताने काम करत शिकावं, हा तिचा गाभा. मूल काय करू शकतं, हा प्रश्न ज्या मातीत विचारला गेला, तिथे आज तू एकटाच मोकाट सुटला आहेस.

आमच्या गावात पहिला पाऊस दगा देतो तेव्हा कास्तकार दुबार पेरणी करतो. त्याचं कंबरडं मोडतं, पण त्याला कुणी नापास म्हणत नाही. माझी तर अजून पहिलीच पेरणी उगवते आहे. मी आता फोन आईकडे देते आणि बाबांसोबत निंदायला जाते. रात्री मैत्रिणीशी बोलते. तेवढ्याने झोप लागते.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी तू येशीलच. आलास तर रूप बदलून ये. ‘तुला काय शिकायचं आहे?’ असं विचार. त्याचं उत्तर माझ्याजवळ केव्हाचं तयार आहे. शेतीची वीज रात्री येते म्हणून माझे बाबा हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन वावरात जातात. ते परत येईपर्यंत आई जागी असते. मला विजेचं शिकायचं आहे. कॉलेज पहिल्या पसंतीचं मिळो की चौथ्या, हे उत्तर बदलणार नाही.

बारावी झालेली एक मुलगी,
आर्वी तालुका, जिल्हा वर्धा