होळीचा बिनपगारी इंजिनियर

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे कोकणातल्या वाडीची होळी पेटते फाल्गुनात, पण तिची धग मुंबईतल्या एका चाकरमान्याला पौषातच लागते. घरात गॅसचा लायटर तीनदा दाबूनही ज्याच्याकडून शेगडी पेटत नाही, तोच हा गृहस्थ. शिमग्यात मात्र तो होळीचा इंजिनियर असतो. नेमणूक कोणी केली, हे वाडीत कोणालाच आठवत नाही.

फाकपंचमीपासून पोरं रोज रात्री छोटी होळी लावतात. ती बिनबोभाट पेटते, कारण इंजिनियरसाहेब अजून गाडीत असतात.

पौर्णिमेचा मोठा होम त्यांच्या ताब्यात. आधी झाडाचा प्रश्न. कुठे आंबा, कुठे सुरमाड, कुठे पोफळ, कुठे सावर. गावागणिक रीत वेगळी. आंब्याचं नाव निघालं की तो वकील होतो आणि १९६४ चा झाडतोडीचा कायदा काढतो: आंबा त्या यादीत आहे, परवानगी लागते! (मुद्दा खरा आहे, म्हणूनच जास्त चीड येते.) शेवटी सुरमाड ठरतो. वीस-पंचवीस गडी तो खांद्यावर घेऊन बांधावरून धावत येतात आणि हा पुढे उलटा चालत 'डावीकडे! डावीकडे!' ओरडतो. खांदा द्यायला याची कंबर तयार नसते.

मग रचाई. याचं शास्त्र चोख आहे, हे वैरीही मान्य करतील. पोटात गवत आणि काटक्या, त्यांना टेकवून उभी लाकडं, बुडाशी वाऱ्याला वाट. 'हवा खेळली पाहिजे' हे वाक्य तो इतक्यांदा म्हणतो, की पोरं त्याला माघारी 'हवामामा' म्हणतात. लंगोटीयार मात्र त्याच्यादेखत ओंडके आडवे फेकतात. ते तो निमूटपणे उभे करतो. ते पुन्हा फेकतात. तिसऱ्या वेळेला आईबहिणींचा उद्धार सुरू होतो, पण शिमगा असल्यामुळे तो धार्मिक विधीतच जमा होतो.

एकदाच तो खरोखर चिडतो. कोणीतरी पेट्रोलची बाटली काढतो, तेव्हा. वाफ पसरते, काडी लावली की भडका थेट हातावर येतो, हे तो अगदी हळू आवाजात सांगतो आणि बाटली काढून घेतो. त्या घडीला कोणी हसत नाही.

मध्यरात्री मानकऱ्याच्या हातून होम लागतो. आणि धूर होतो. नुसता धूर! सकाळी तोडलेल्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं. ते उकळून गेल्याशिवाय ज्वाळा कुठली? हेही त्याला ठाऊक असतं, आणि खोकत खोकत तो तेही समजावतो. त्यात वाऱ्याने दगा दिलेला. दुपारी खारा वारा समुद्राकडून येत होता, म्हणून त्याने पाहुण्यांच्या खुर्च्या पश्चिमेला मांडल्या. रात्री मतलई वारा डोंगराकडून उतरला आणि सगळे पाहुणे रडू लागले. त्यांत नारळ घेऊन आलेलं नवं जोडपंही होतं. नवरीच्या डोळ्यांतलं पाणी बघून एक म्हातारी म्हणाली, 'माहेरची आठवण झाली असेल.'

मग तीच म्हातारी परसातून सुकी चुडतं ओढत आली. 'सर बाजूला,' एवढंच बोलली. माडाचं सुकलं चुडत म्हणजे निम्मी मशालच. इंजिनियर वाकून, बुडाशी फुंकर घालत, 'आता बघा, हवा कशी...' म्हणतो आहे, तेवढ्यात होम भसकन पेटला. बोंबा उठल्या, ढोल वाजले, पोरं काठ्या घेऊन निखाऱ्यांतल्या भाजल्या नारळांवर तुटून पडली.

सकाळी होळीच्या धगीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. हंडा कुठे ठेवावा यावर त्याचं भाषण चालू होतं. 'म्हटलं होतं ना, माझी रचना पेटणार?'

'पेटली हो,' बायको म्हणाली. 'आता जरा आरशात भुवया बघून या.'