कंसाची धास्ती

प्रसाधनांच्या धंद्याचा एक रिवाज मला फार आवडतो. माल खपवायचा असेल तेव्हा ‘नॅनो’ ही अक्षरे डबीच्या दर्शनी भागावर, सोनेरी. तब्येतीचा प्रश्न निघाला की तीच अक्षरे मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढी.

युरोपवाले खवचट. २०१३पासून त्यांनी सक्तीच केली: १ ते १०० नॅनोमीटरचा, मुद्दाम बनवलेला घटक वापरला असेल, तर त्याच्या नावापुढे कंसात ‘नॅनो’ छापा. कंसाला इतके घाबरणारे मथुरेनंतर हेच कारखानदार!

भीती अर्थात गिऱ्हाइकालाही आहे. ऑस्ट्रेलियात काही लोकांना समुद्रकिनाऱ्यावर पाच दिवस झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन फासले. त्यातल्या झिंकला खूणगाठ बांधलेली होती, आणि ते रक्तात सापडले. किती? रक्तात मुळात असलेल्या झिंकच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढे. कण म्हणून शिरले की विरघळून, ते ठरवता आले नाही, असे संशोधकांनी २०१०मध्ये लिहिले. इतके प्रामाणिक वाक्य जाहिरातीच्या कामाचे नाही आणि फॉरवर्डच्याही. म्हणून फॉरवर्डमध्ये फक्त ‘सनस्क्रीन थेट रक्तात!!’ एवढेच उरले.

ते वाचून आमच्या इमारतीतल्या एका काकांनी सुनेची ट्यूब केराच्या डब्यात टाकली. स्वतः मात्र रोज बाथरूमचे दार लावून पावडरीचा ढग उडवतात, वर काखेत स्प्रे. त्यात नॅनो आहे का, हे डबी सांगत नाही आणि काका विचारत नाहीत. धडधाकट कातडी या कणांना बऱ्यापैकी दारातच अडवते, खरा घोर फुफ्फुसांचा आहे. सनस्क्रीनमध्येच असणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगाची धूळ नाकावाटे गेली तर कर्करोगाची शक्यता आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने उंदरांवरच्या प्रयोगांवरून नोंदवले आहे. म्हणून हे नॅनो कण युरोपात क्रीममध्ये चालतात, पण श्वासात जातील अशा फवाऱ्यात नाही. पण फॉरवर्डला नाक नसते.

युरोपचेही फार कौतुक नको. हाच पांढरा रंग त्यांनी २०२२मध्ये खाण्याच्या पदार्थांतून हद्दपार केला. त्यात नॅनो आकाराचेही कण असतात, आणि तो पेशींतल्या जनुकांना इजा करणारच नाही, अशी हमी कुणी देईना. टूथपेस्टमध्ये मात्र राहू दिला. टूथपेस्ट काही खायची वस्तू नव्हे, चूळ भरून थुंकायची असते. आता हे स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट चाटणाऱ्या चार वर्षांच्या नातवाला काकांनी समजावून सांगावे.