कळसूबाईची पूर्वतयारी

पहिल्या ट्रेकला कळसूबाई ठरली, की तयारी सुरू होते ती दुकानात. बूट, काठ्या, रेनकोट आणि रेनकोटला शोभेल अशी टोपी. १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर आहे ते. साधी गोष्ट नव्हे! सराव तेवढा राहून जातो, कारण दुसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्ट लागते. नवे बूट आठवडाभर घालून आधी सैल करावेत, हे दुकानदार सांगत नाही. त्याचं बिल होत नाही ना! मग पायथ्याच्या बारी गावातून निघाल्यावर पहिल्या लोखंडी शिडीच्या आतच टाचेला फोड येतो. नवरात्रात गावातल्या बायका साध्या चपलांवर शिखरावरच्या देवीचं दर्शन घेऊन येतात. बिचाऱ्यांची तयारीच नसते. त्यांना फक्त चालता येतं.