शतांश सेकंद आणि प्रमुख पाहुणे

शाळकरी मुलांच्या जलतरण स्पर्धेत दोन घड्याळं चालतात. एक पंचांचं. ते सेकंदाचे शंभर तुकडे करतं आणि त्यातल्या एका तुकड्यावरून पदक इकडचं तिकडे जातं. २००८ साली बीजिंगला मायकेल फेल्प्सने १०० मीटर बटरफ्लाय ५०.५८ सेकंदांत जिंकली, तेव्हा दुसरा आलेला मिलोराद चाविच ५०.५९ वर होता. दुसरं घड्याळ प्रमुख पाहुण्यांच्या गाडीवर चालतं. रिपोर्टिंग सातला, उद्घाटन आठला आणि साडेनऊला माईकवरून घोषणा : साहेब नाक्यापर्यंत आलेत! या दोन घड्याळांची गाठ पडली की पहिलं हरणार, यावर डोळे मिटून पैज लावावी.

नियमपुस्तक तसं कडक आहे. इशाऱ्याआधी जो सुटला तो बाद, वय बारा असो की बावीस. इशाऱ्यानंतर दोन तासांनी जो उगवला त्याला मात्र शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले नाहीत तर पोहणं फुकट. समईशी मात्र एक हात ज्योतीकडे, दुसरा खिशातल्या वाजत्या मोबाईलकडे आणि तोंड कॅमेऱ्याकडे, तरी टाळ्या. पुढे भाषण. ते वीसच मिनिटांचं धरलं (हे औदार्य झालं), तर तेवढ्यात फेल्प्सने ती शर्यत तेवीसदा जिंकली असती. भाषणाचा विषय बहुधा ‘वेळेचं महत्त्व’.

या सगळ्यात तलावाच्या काठावर ओल्या कॉश्च्युममध्ये, खांद्यावर आईचा टॉवेल घेऊन एक पोरगी काकडत उभी असते. बोटांच्या सुरकुत्या अजून गेलेल्या नाहीत, दात वाजतायत, आणि आईने ‘पोट जड होईल’ म्हणून बिस्किटाचा पुडा पिशवीत परत टाकलाय. वॉर्म-अपची ऊब तासाभरात ओसरते, हे कुठलाही कोच सांगेल. तिची शर्यत चाळीस सेकंदांची. तीत अर्धा सेकंद जास्त लागला की घरी जाताना तोच कोच विचारणार, ‘लक्ष कुठे होतं?’

आयोजक म्हणतील, पाहुणे नाहीत तर तलावाला पैसा कुठून येणार? रास्त आहे. पण पैसा बक्षीस समारंभालाही येतो, आणि संध्याकाळी हार घालून घेतल्याने त्याची किंमत घटत नाही. दुसरा बचाव असा की ताटकळण्यातून मुलं संयम शिकतात. संयमात आपण कमी नाही : १९८६ च्या खजान सिंगच्या रौप्यानंतर आशियाई खेळांत पोहण्यातलं पुढचं भारतीय पदक यायला २०१० उजाडलं. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य आणलं. चोवीस वर्षांची वाट त्याने साडेचोवीस सेकंदांच्या आत संपवली, आणि ती संयमाने नव्हे, वेगाने.

तेव्हा आयोजकांना एकच विनंती. पाहुण्यांना जरूर बोलवा, सोफाही मांडा. फक्त निकालाचा कागद भिंतीला चिकटवताना त्यात सगळ्यात वर त्यांची निमंत्रणपत्रिकेतली वेळ आणि प्रत्यक्ष आल्याची वेळ छापा. शतांशासकट.