भाव राहू द्या, तारा खाली आणा

आंबा चाखून घेता येतो, चप्पल पायात घालून चार पावलं चालता येतं, म्हैस तर लोक धार काढून बघितल्याशिवाय घेतच नाहीत. गिटार मात्र पारखून घ्यायची तर ती आधी वाजवता यायला हवी, आणि वाजवायला शिकायचं तर आधी ती घरात यायला हवी. या पेचात सापडलेला माणूस निमूट रंग बघायला लागतो. दुकानदारांना हे ठाऊक असतं. म्हणून निळ्याजर्द, लालभडक, कडेला काळ्या आणि मध्ये पिवळ्या अशा गिटारी दर्शनी टांगलेल्या असतात आणि फिक्या लाकडी रंगाची बरी गिटार मागे, पंख्याखाली, धूळ खात उभी असते.

मला गिटार हवीशी वाटली ती पन्नाशी उलटल्यावर. खरं तर बीज फार जुनं. 1973 च्या 'यादों की बारात'मध्ये झीनत अमान हातात गिटार घेऊन गाते, तेव्हा मी पाळण्यात होतो. पुढे दूरदर्शनवर ते गाणं दिसलं आणि कॉलेजची सगळी वर्षं मी मनातल्या मनात गिटार वाजवत होतो. मनातल्या गिटारीला तारा बदलाव्या लागत नाहीत, त्यामुळे ते परवडलं. आता खरी घ्यायची म्हटल्यावर सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "माळ्यावर हार्मोनियम आहे, ती काय चावते?" प्रश्न बिनतोड होता. मी बजेट सहा हजारांवर आणून विषय मिटवला.

बाजार काय म्हणतो ते आधी फोनवर बघून ठेवलं. अडीच-तीन हजारांत 38 इंची गिटार घरपोच मिळते. सोबत पिशवी, पट्टा, जादा तारा आणि तारा छेडायच्या प्लास्टिकच्या पिक्सची पुडी. एवढं सगळं त्या पैशात येतं म्हटल्यावर त्यातल्या गिटारीच्या वाट्याला काय उरत असेल, हा विचार ज्याचा त्याने करावा. पाच ते सात हजारांत देशी कंपन्यांच्या बऱ्यापैकी गिटारी येतात. त्यापुढे यामाहाची एफ-310. कुठल्याही क्लासच्या सरांना विचारा, ते डोळे मिटून हेच नाव घेतात, आणि तिची किंमत ऐकून आपण डोळे मिटतो. स्वस्त गिटारींच्या माहितीत लिंडन किंवा बासवूड असं भारदस्त लाकूड लिहिलेलं असतं. व्यवहारात तो प्लाय असतो. प्लायला नाक मुरडायचं कारण नाही. अख्ख्या फळीचा आवाज खुलतो हे खरं, पण आमच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अख्खी फळी फुगते, वाकते. प्लाय त्या मानाने सोशिक.

एका मित्राने सुचवलं, "मिरज पन्नास किलोमीटरवर आहे. तिथं कारागीर बसलेत, करून घे की." सूचना कोल्हापूरच्या माणसाला शोभणारीच होती. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्यं करायला घेतली, तेव्हापासून तिथल्या सतारी आणि तानपुरे देशभर जातात. 2024 मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं. पण भोपळ्याला सूर लावणाऱ्या त्या हातांना माझ्या सहा हजारांच्या प्लायला हात लावा म्हणून सांगायला माझी जीभ धजेना.

तेव्हा शाहूपुरी. घराबाहेर पडलं की शाहूपुरीच. 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि 1895 मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनच्या बाजूला ही पेठ वसवली, ती मुख्यत्वे गुळाच्या व्यापारासाठी. सौदे आता मार्केट यार्डात होतात, पण पेठेच्या अंगातला सौदा गेलेला नाही. इथे 'एकच भाव' अशी पाटी लावलेल्या दुकानातही गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते, "हा एकच भाव किती कमी होईल?"

भाव करायला मी मामांना बरोबर घेतलं. मामांचं आयुष्य गुळाच्या अडतीवर गेलं. हजारो रवे त्यांच्या नजरेखालून गेले आहेत. संगीताशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांचे वडील देवल क्लबात गाणं ऐकायला जात. त्यामुळे निघताना ते म्हणाले, "अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात गायले, तिथं तू गिटार वाजवणार. बरं हाय." आणि धोतराचा सोगा सावरून चालू लागले.

दुकान लहान, पण छतापासून जमिनीपर्यंत वाद्यं. काउंटरवर विशीतला एक मुलगा होता. त्याने हाताला लागेल ती गिटार उचलली आणि असं काही वाजवलं की मी खिशात हात घातला. दुसरी उचलली, तीही तशीच वाजली. तिसरीही. तेव्हा ध्यानात आलं की इथे वाजतोय तो मुलगा, गिटार नव्हे. या पोराच्या हातात आमच्या माळ्यावरची शिडी दिली असती तरी तिचे सात-आठ हजार सहज आले असते. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हटलं, "एकच तुकडा सगळ्यांवर वाजव, कुठली ते सांगू नकोस." पाठ फिरवल्यावर रंग दिसत नाही आणि किमतीची चिठ्ठीही दिसत नाही. दोन गिटारींचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला. एक मात्र घुमली. वळून बघितलं, तर तीच ती पंख्याखालची, धुळीची, 41 इंची.

"ड्रेडनॉट हाय सर ती," दुकानाचे मालक आतून म्हणाले. हे मोठं पोट 1916 मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने आणलं आणि 1906 च्या एका ब्रिटिश युद्धनौकेचं नाव त्याला दिलं, एवढं मी वाचून आलो होतो. ते मी मामांना ऐकवलं.

"युद्धनौका? मग पुरात चालंल," मामा म्हणाले.

आणि मग त्यांनी आपलं काम सुरू केलं. गिटार आडवी घेतली, पोटावर टिचक्या मारल्या, उजेडात धरून रंग बघितला. शेजारी एक पिवळीधमक टांगली होती, तिच्याकडे बोट करून विचारलं, "ह्यो रंग कशानं आलाय? भेंडीनं का हायड्रॉसनं?" गुऱ्हाळात रसाची मळी भेंडीच्या चिकानं काढतात आणि गूळ फार पिवळा दिसला की जाणता माणूस हायड्रॉस पावडरीचा संशय घेतो. मालकही शाहूपुरीचेच. ते शांतपणे म्हणाले, "पॉलिश हाय, काका. खायाची नाही ती." मग मामांनी भोकाला नाक लावून खोल श्वास घेतला.

"2019 चा माल न्हवं? का 2021 चा?"

त्या दोन्ही वर्षी पुराचं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आलं होतं. मालकांचा चेहरा पडला. "भिजलेला माल आम्ही विकला न्हाई, काका," ते म्हणाले, आणि त्याच दमात पोराला चहा सांगितला. चहा आला म्हणजे आता भावाचं बोलायचं.

मालक 7,800 म्हणाले. मामा 4,000 म्हणाले. मालक हसले. मामा हसले नाहीत. मालक म्हणाले, खरेदीच तेवढ्यात नाही. मामा म्हणाले, तुमची खरेदी आम्हाला कशाला सांगता, आम्ही तुमचे भागीदार न्हवं. मी मध्येच फोनवरची किंमत पुढे केली, तेव्हा मालकांनी ती लांबूनच बघितली आणि म्हणाले, "घ्या की सर. खुंटी ढिली झाली की त्या फोनलाच सांगा, पिळून दे म्हणून." यावर उत्तर नव्हतं. फोन मी खिशात टाकला.

शेवटी मामांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. उठले, चपला घातल्या, पायरी उतरले. शाहूपुरीच्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या पावलाला मागून हाक यायला हवी. मामा सावकाश चालतात, तरी पाचवं पाऊल पडलं आणि हाक आली नाही. मालक शांतपणे माझ्या कपात चहा ओतत होते. मामा रस्त्यापर्यंत जाऊन, पान खायचं निमित्त करून परत आले. भाव 6,500 वर थांबला. पिशवी, पट्टा, कॅपो आणि जादा तारांचा संच त्यातच. मामांना आणखी तीनशे सुटायचे दिसत होते, नजर तशीच होती.

एवढ्यात मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी काढली.

गिटारीची मेख इथे आहे आणि ती किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. तार आणि बाराव्या फ्रेटचा, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीचा, माथा यांच्यातलं अंतर मोजायचं. जाड तारेखाली ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असलं तर बोटं सुखाने दाबतात. या गिटारीत ते चार भरलं. पोलादी सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलो, म्हणजे एखादा तालमीतला गडी त्या दांडीला लोंबकळत असतो. त्यात तार उंच असली की नवशिक्याची बोटं आठवड्यात सोलतात, आणि गिटार गणपतीपर्यंत कपाटावर जाऊन बसते. देशातल्या निम्म्या गिटारी अशा कपाटांवर असाव्यात असा माझा संशय आहे, आणि दोष मात्र आळसाला दिला जातो.

मी एका डोळ्याने दांडी पारखली, सरळ होती. बारावा फ्रेट दाबून वाजवला, मग तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून वाजवला. दोन्ही सूर जुळतात की नाही ते फोनवरच्या ट्यूनरला विचारलं. जुळले. मग एकेक फ्रेट दाबत गेलो, तर पाचव्याला झर्र असा आवाज आला.

"बझ येतोय," मी म्हटलं.

"बझ न्हवं ओ," मालक म्हणाले, "जवारी हाय ती."

मी दाद दिली. तानपुऱ्याची घोडी घासून घासून मिरजेचे कारागीर ज्या झणकाराला जन्म देतात, तोच गिटारीत आला की तिला खोट म्हणतात. पण दाद वेगळी, पैसे वेगळे. मी म्हटलं, "मालक, भाव तुमचा राहू द्या. तारा खाली आणा, आणि ही जवारी काढा." मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भरल्या सौद्यात शत्रूशी हातमिळवणी केली होती. सेटिंगचे पाचशे वेगळे असतात, असं मालकांनी सांगून बघितलं. इथे मामा पुन्हा कामी आले. "बघू तरी," म्हणाले, "का मघाशी विकत होता ती गिटार वाजायची नव्हती?"

मालक बसले. तारा सैल केल्या, तारा जिच्यावर टेकतात ती सॅडल उपसून काढली आणि तिचं बूड पॉलिश पेपरवर घासू लागले. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते; ते त्यांनी मला सांगितलं, मामांना दोनदा सांगितलं. घासताना मध्येच थांबून माप घ्यायचे, कारण जास्त गेलं तर परत येत नाही. मग दांडीतल्या लोखंडी सळईला ॲलन कीने पाव फेरा दिला आणि पाचव्या फ्रेटची झर्र गेली. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मामा पहिल्यांदा गप्प होते. हातातलं काम बघताना त्यांचा चेहरा जरा मऊ होतो. निघताना ते मालकांना म्हणाले, "माणूस कामाचा हाय." शाहूपुरीत एवढी दाद म्हणजे तीनशे रुपये सोडल्यासारखंच.

आता कुणी विचारलं तर मी हेच सांगतो: सहा-सात हजारांच्या आत गिटार घेत असाल, तर दोनशे रुपयांसाठी घसा कोरडा करू नका. पाठ फिरवून ऐका, पट्टी घेऊन जा, आणि सॅडल घासायला तयार असेल तिथेच पैसे मोजा. मामांना नेलंत तर उत्तम.

गिटार घरात आली आहे. सी, जी आणि डी हे कॉर्ड मला येतात. एफ येत नाही, तो म्हणे पहिल्या वर्षी कुणालाच येत नाही. सरावाची वेळ रात्री साडेआठ ते साडेनऊ. गल्लीतल्या शेजाऱ्यांना विनंती, की भिंत ठोकायचीच असेल तर कृपया तालात ठोकावी.