संशोधनाचा विषय

सरांशी बोलताना एक पथ्य पाळावं लागतं. वाक्याच्या शेवटी "काय माहीत बाप्पा" असं म्हणायचं नाही. म्हटलंत की सर चष्मा कपाळावर चढवतात, तर्जनी हवेत उभी करतात आणि म्हणतात, "थांब. हा संशोधनाचा विषय हाये." मग तुम्ही राजकमल चौकातून भाजीची पिशवी घेऊन निघालेले असा, नाही तर बडनेऱ्याला गाडी धरायला, थांबावंच लागतं.

मी सर म्हणतो खरा, पण हे काही एकट्या माणसाचं चित्र नाही. अमरावतीच्या प्रत्येक ले-आउटमध्ये असा एक सर सापडतो, आणि अकोल्याच्या जठारपेठेत तर दोन-दोन. ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवलेलं, आता पेन्शन नियमित, गच्ची मोकळी. आमच्या सरांचं पीएचडी राहिलं. नोंदणी झाली होती; मग गाइड निवृत्त झाले, मग विषय बदलला, मग मुलीचं लग्न निघालं. यापुढे ते सांगत नाहीत आणि काकू सांगू देत नाहीत. मात्र एका शाखेत पीएचडी न झाल्यामुळे विज्ञानाच्या सगळ्याच शाखा त्यांना मोकळ्या झाल्या.

गणितात त्यांचं दैवत द. रा. कापरेकर. देवळालीचे शाळामास्तर, पीएचडी नाही, आणि तरी १९७५ साली मार्टिन गार्डनरसारख्या माणसानं अमेरिकेच्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं. यातलं 'पीएचडी नाही' एवढं सर दोनदा म्हणतात. कापरेकरांची संख्या ६१७४. कुठलेही चार आकडे घ्या, सगळे सारखे सोडून. उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन गाडी थांबते. सर हे एसटीच्या तिकिटामागं करतात. २०२२ घेतलं तर २२२० वजा ०२२२, उरले १९९८. मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. अकोल्याहून परतताना बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला मूर्तिजापूर येईपर्यंत हे पटवून दिलेलं असतं. त्याला बिचाऱ्याला बोरगाव मंजूला उतरायचं असतं, पण आकडा अजून ६१७४ झालेला नसतो.

आता कापरेकरांची संख्या आहे म्हटल्यावर अमरावतीची का नसावी? एका उन्हाळ्यात सरांनी पाच आकड्यांवर हात घातला. पाच आकड्यांना असा एक मुक्कामच नाही, संख्या आपल्या चक्रात गोल गोल फिरत राहतात, ही गोष्ट जगाला केव्हाच ठाऊक होती. सरांना ती दोन फुलस्केप वह्या भरल्यावर कळली. "म्हन्जे माझं उत्तर बरोबरच आलं नं," ते म्हणाले. यावर काय बोलणार? बरोबरच होतं.

खगोलशास्त्र मात्र सरांना आकाशानं स्वतः आणून दिलं. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर उभा येतो आणि भरदुपारी सावली पायाखाली गडप होते. अमरावतीत यातला दुसरा दिवस जुलैच्या मध्यावर येतो, तेव्हा ढग सूर्यच दाखवत नाहीत, सावलीचं कुठलं घेऊन बसलात. पहिला येतो पंचवीस मेच्या आसपास, म्हणजे नवतपा लागतो तेव्हा. शहाणी माणसं कूलरसमोर आडवी होतात, आणि सर सव्वाबाराच्या सुमाराला पीव्हीसी पाइपचा तुकडा ओळंब्यानं उभा करून गच्चीवर. डोक्यावर ओला दुपट्टा. भोवती काकूंच्या कुरोड्या वाळत घातलेल्या. सरांची प्रयोगशाळा आणि काकूंचं वाळवण यांच्यात गच्चीची वाटणी कधीच झाली नाही, त्यामुळं दर वर्षी काही कुरोड्या विज्ञानाच्या पायी जातात.

एका वर्षी पाइपची सावली आत आत सरकत आली, कडेशी एक रेघ उरली, ती गेली. सरांच्या तोंडावर असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. तेवढ्यात अकोल्याहून साळ्यांचा फोन.

"भाऊजी, आमची सावली तर कालच गेली. तुमची हाये काय अजून?"

अकोला अमरावतीच्या किंचित दक्षिणेला आहे. उत्तरेकडे निघालेला सूर्य तिथं सुमारे एक दिवस आधी पोचणार, यात अकोल्याची कर्तबगारी काही नाही. सरांनी हे पोरांना फळ्यावर गोल काढून शिकवलेलं. पण तापमानात अकोला पुढं, पेपरात नाव अकोल्याचं, आणि आता सावलीतही अकोला पहिला, हे त्यांना सोसलं नाही. "त्याईच्या इकडे सारंच लवकर करपते," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि काकूंकडं सरबत मागितलं. काकूंनी आधी कुरोड्या मोजल्या.

२ एप्रिल २०२२ ची गोष्ट त्यांच्यासमोर काढू नये, पण इथं काढतो. गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांग सरकत गेली आणि सगळा विदर्भ अंगणात आला. आमच्या ले-आउटमध्ये पहिला निर्वाळा सरांचा: उल्का. कुठून आली, किती वेगानं, किती वजनाची, हे त्यांनी रात्री दहापर्यंत कठड्यावर उभं राहून सांगितलं. पुढं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडल्याची बातमी आली आणि तो चिनी रॉकेटचा तुकडा असावा असं जाणकार म्हणाले. दुधाच्या रांगेत कोणीतरी विचारलंच, "काऊन सर, उल्का म्हनत होते नं तुम्ही?" सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "मी म्हटलं होतं, बाहेरून आलं. चीन का अमरावती जिल्ह्यात हाये?"

त्याच वर्षी जूनमध्ये अभियांत्रिकीही दाराशी आली. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एकेरी लेनचा पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग घालायचा विक्रम. ३ जूनच्या सकाळी काम सुरू झालं आणि ७ जूनच्या संध्याकाळी संपलं. १०५ तास ३३ मिनिटं. गिनीजमध्ये नोंद झाली, कतारमधला आधीचा विक्रम मोडला. सर छत्री आणि घडीचं स्टूल घेऊन लोणीच्या बाजूला जाऊन बसले. यंत्रं, टँकर, रात्रीचे दिवे, माणसांच्या पाळ्या, हे सारं जग कौतुकानं बघत होतं. सरांनी भागाकार केला. तासाला सातशे दहा मीटर. "पाय," ते मला म्हणाले, "बैलबंडी याच्याहून पुढं जाते." मी म्हटलं, सर, बैलबंडी मागं रस्ता टाकत जात नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे मात्र लक्षात घ्यायला पायजे." चूक दाखवली तर सर रागावत नाहीत. वहीत टिपतात आणि पुढच्या खेपेला तीच गोष्ट आपली म्हणून सांगतात. विद्वानांची ही सवय त्यांनी पीएचडी न करताच लावून घेतली आहे.

भूगर्भशास्त्रात सर सगळ्यात घातक, कारण तिथं तज्ज्ञांनीच त्यांना दारूगोळा पुरवला. लोणारच्या विवराचं वय एका पद्धतीनं साधारण बावन्न हजार वर्षं निघालं होतं. पुढं २०११ साली आर्गॉनवरून मोजलं तर पाच लाख सत्तर हजारांच्या घरात गेलं. झालं! बिलाच्या रकमेपासून लग्नाच्या मुहूर्तापर्यंत कुठंही कोणी सरांचा हिशेब चुकवला की ते लोणार काढतात. "त्याईचे पाच लाख वर्ष हुकले तर चालते, अन् माझे साठ रुपये हुकले तर बोंब?" उत्तर साधं आहे. त्या लोकांनी आपली पद्धत आणि आपला फरक दोन्ही छापून ठेवले, म्हणून पुढच्याला तपासता आलं. सरांचे साठ रुपये कुठं गेले ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण हे त्यांच्या तोंडावर कोण सांगणार? २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव शोधून काढले. सरांनी त्याआधीच तीन कारणं काढून ठेवली होती, त्यातलं एक ग्रहण होतं. सालबर्डीला डायनोसोरची हाडं निघाली हे वाचल्यापासून तर मोर्शीकडून आणलेला कुठलाही वाकडा दगड काकूंना तुळशीजवळून उचलता येत नाही.

आणि आता त्या गोष्टीकडं येतो जिला सर संशोधन म्हणतच नाहीत.

त्यांची वडिलोपार्जित चार एकरं दर्यापूरकडे, ऐन खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ भरलेला आहे. वरची काळी चिकण माती पाणी नीट निचरू देत नाही, ऊन ते ओढून घेतं, मीठ मागं राहतं. गावातले म्हातारे म्हणतात इथं पूर्वी समुद्र होता. सरांचाही समुद्रावर लेख तयार आहे. पण या लेखाच्या खाली, त्याच ट्रंकेत, एक लाल पाठीची चोपडी होती. सरांच्या वडिलांनी विहिरीत दोर सोडून दर अमावास्येला पाणी मोजायचं सुरू केलं होतं. ते गेल्यावर सर मोजत राहिले. किती हातांवर पाणी लागलं, आणि चव. चवीच्या पायऱ्या वडिलांनीच ठरवलेल्या: गोड, मचूळ, खारट, आणि शेवटची 'गाय तोंड लावत नाही'. मुलानं टीडीएस मीटर आणून दिल्यावर आकडेही आले, पण चव सोडली नाही. सर याला घरची रीत समजत. दिवाळीला अभ्यंगस्नान, अमावास्येला विहीर.

विद्यापीठात भूजलावर काम करणारी एक मुलगी त्या गावातून हिंडत हिंडत सरांच्या घरी पोचली. सरांनी तिला लोणार ऐकवलं, पाच आकडे ऐकवले, चिनी रॉकेट सौम्य करून ऐकवलं, आणि समुद्राचा लेख काढताना चोपडी खाली पडली. पोरीनं ती उघडली आणि पुढचा अर्धा तास तिला काही ऐकू आलं नाही.

"सर, हे एवढ्या वर्षांचं, दर महिन्याचं आहे?"

"ते सोड. समुद्राचं पान पाय."

"पण सर, हात म्हणजे नेमकं किती?"

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तिनं पर्समधून टेप काढला आणि सरांचा हात मोजला. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढणारा माणूस पहिल्यांदाच स्वतः उपकरण झाला, आणि कसं बसावं हे त्याला सुचेना. पुढची अडचण मोठी होती. पहिली निम्मी चोपडी वडिलांच्या हातानं भरलेली, आणि वडील उंच गृहस्थ. त्यांचा हात आता कुठून आणायचा?

काकू उठल्या. ट्रंकेच्या तळातून सासऱ्यांचा पांढरा सदरा काढून त्यांनी सतरंजीवर पसरला. मुलीनं त्याची बाही मोजली, मग सरांच्या सदऱ्याची बाही मोजली, आणि सरांची बाही व सरांचा हात यांच्या प्रमाणावरून वडिलांचा हात काढायला घेतला.

"त्रैराशिक!" सर उभेच राहिले. "चौथीचं त्रैराशिक! मीच सांगनार होतो."

मग तर्जनी वर गेली. "पन थांब. सुती कापड हाये. धुतलं का आटते. हा सदरा किती वेळा धुतला असन, अन् दर धुण्याले किती आटला असन, याचा इचार केला काय तू?"

पोरीनं मान वर न करता वहीत मापासमोर कंस केला आणि लिहिलं: सुती, धुतलेला.