बेट्याची मुदत

२००९ च्या जानेवारीत, इंदूरच्या सराफ्यात रात्री गरम गराडू खाण्याचे जे थोडे दिवस असतात त्याच दिवसांत, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज सात’ या आपल्या आगामी प्रणालीची चाचणी-आवृत्ती सर्वांस खुली केली, आणि पेन्शनीत निघाल्यापासून धाडसाचा एकही प्रसंग न उरलेल्या माझ्यासारख्या माजी हेडक्लार्कास, जे फळ अद्याप पिकलेले नाही ते आपण आधीच चाखून पाहावे, अशी दुर्बुद्धी झाली.

रामबागेतला माझा भाचा या शास्त्रातला जाणकार. ‘‘मामा, बीटा आहे, जपून,’’ एवढेच तो बोलला. परंतु हिंदीच्या शेजारात हयात गेलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी ते ‘बेटा’ असे ऐकले, आणि दोन कन्यांच्या आमच्या घरात त्या प्रणालीस तेच नाव पडले.

सावधगिरीत मी कसूर केली नाही. या आवृत्तीत एक दोष होता व तो कंपनीने स्वतःच जाहीर केला होता : काही एमपीथ्री फाइली संग्रहात दाखल होताना त्यांच्या आरंभीचे काही सेकंद कायमचे नाहीसे होत. दुरुस्तीही लागलीच निघाली. पण माझ्या संग्रही आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा होता, आणि तेथे दुरुस्तीवर विसंबणे मला प्रशस्त वाटेना. ‘‘एवढ्या विलंबित झुमऱ्यात चार सेकंद गेले तर समेपर्यंत कोणास कळणार?’’ असे भाचा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास पोह्यांवर जिरावण मिळाले नाही. जेलरोडवरून कोऱ्या डीव्हीडी आणून मी खाँसाहेबांना त्यांवर उतरविले आणि त्या चकत्या पितळी पानदानात बंद केल्या.

मग वाटणी. जुनी विस्टा ‘सी’ हिश्शात, माझे दप्तर ‘डी’त, आणि नवागतासाठी विस्टाच्याच हिश्शातून काढून दिलेली ‘ई’ ही स्वतंत्र खोली. ‘अपग्रेड’ म्हणजे जुन्या कारभाऱ्यास उठवून नव्यास त्याच्या गादीवर बसविणे, हे जाणून मी ‘कस्टम’वर बोट ठेवले. तासाभराने पडद्यावर निळ्या पाण्यात एक झुपकेदार कल्ल्यांचा मासा प्रकटला. तो बेट्टा जातीचा असून बीटाशी केलेली ती कोटी आहे, हे भाच्याने मागाहून सांगितले; तूर्त आमच्या कोकणस्थ स्वयंपाकघरातून ‘‘बेट्याने पहिल्याच दिवशी घरात मासा आणला!’’ एवढाच उद्गार ऐकू आला.

बेट्याची सनद मुदतीची होती. १ जुलैपासून यंत्र दर दोन तासांनी आपोआप बंद पडणार, आणि १ ऑगस्टला सनद खालसा. म्हणून मी आधीच, विस्टात बसलो असताना, ‘जुलैत ई पुसणे’ अशी चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेस डकवून ठेवली होती. परंतु डीव्हीडीवरून बसविलेली ही प्रणाली, वेगळी चूल मांडताच स्वतःस थोरली पाती म्हणविणाऱ्या धाकट्या भावाप्रमाणे, स्वतःसच ‘सी’ म्हणवून घेते, आणि तिच्या कारकिर्दीत विस्टा ‘डी’ व माझे दप्तर ‘ई’ ठरते, हे ध्यानी न ठेवता, जुलैच्या एका पावसाळी दुपारी, बेट्याच्याच राज्यात बसून, मी चिठ्ठीबरहुकूम ‘ई’ पुसण्याचे फर्मान सोडले. ‘यातील सर्व मजकूर नष्ट होईल’ असे यंत्राने अदबीने विचारलेही. आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर शेरे मारलेल्या मी ते न वाचताच मंजूर केले.

दूधवाल्याचा तीन वर्षांचा हिशेब, धाकटीच्या लग्नातील आहेरांची यादी आणि माझे अर्धे लिहिलेले आत्मचरित्र एका क्षणात निकालात निघाले. पैकी केवळ आहेरांच्या यादीबद्दल घरात हळहळ व्यक्त झाली.

पानदान मात्र शाबूत होते. मी चकती घातली, आणि त्याच बेट्यावर खाँसाहेब सावकाश, पहिल्या सेकंदापासून, गाऊ लागले. मारवा पुरा झाला, मी तो पुन्हा लावला, मग आणखी एकदा. आणि समेला दोन मात्रा उरल्या असता मासा, पाणी, स्वर सारेच एकदम मावळले.

‘‘निजला का बेटा?’’ आतून विचारणा झाली.